विश्लेषण : सी. के. नायडू ते अकोल्याचा आदित्य ठाकरे, फक्त आठ धागे! सहखेळाडूंची साखळी जोडायची कशी?

डिसेंबर २०१७. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू होता. एकीकडे दिल्ली, दुसरीकडे पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलेला विदर्भ. विदर्भाच्या अकरा जणांत अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे होता. त्याचा हा पहिलाच प्रथम श्रेणी सामना. त्याच संघात ३९ वर्षांचा वसीम जाफरही होता.

या एका सामन्यामुळे अकोल्याचा हा मुलगा भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्याशी जोडला गेला. नायडूंचा जन्म १८९५ चा. दोघांमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही एका खेळाडूचा हात दुसऱ्याच्या हातात देत गेले, तर अवघ्या आठ धाग्यांत नायडूंपासून ठाकरेपर्यंत पोहोचता येते.

अमेरिकेत हा खेळ जुन्या बेसबॉल कार्डांवर खेळला जातो. आपल्याकडे तो क्रिकेटवर खेळता येतो आणि अमरावती-अकोल्यातून सुरुवात केली, तर तो आणखीच रंगतो.

हा खेळ नेमका काय आहे?

नियम साधा आहे. दोन खेळाडू कधीतरी एकाच संघातून एकत्र खेळले असतील, तर त्यांच्यात एक धागा. तसे नसेल, तर दोघांबरोबर खेळलेला तिसरा शोधायचा. तोही नसेल, तर चौथा. सर्वांत कमी धाग्यांत जो दोन टोके जोडेल, तो जिंकला.

बेसबॉलमधले सोपे उदाहरण घेऊ. बेब रुथ आणि मिकी मँटल ही त्या खेळातली दोन मोठी नावे. रुथ १९१४ मध्ये व्यावसायिक बेसबॉलमध्ये आला, मँटल १९६८ मध्ये थांबला. दोघे कधी एकत्र खेळले नाहीत. पण रुथ आणि लू गेरिग न्यूयॉर्क यँकीज संघात एकत्र होते. गेरिग आणि जो डिमॅजिओ १९३६ पासून एकत्र खेळले. डिमॅजिओच्या शेवटच्या, म्हणजे १९५१ च्या हंगामात मँटल संघात आला. झाले! चार कार्डे, तीन धागे आणि अर्ध्या शतकाहून मोठा काळ.

मग यात कार्डांचे काय काम?

अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटांत पुठ्ठ्याचे छोटे तुकडे घालत. पाकीट चेपू नये, हा त्यामागचा एक हेतू. पुढे त्या तुकड्यांवर चित्रे छापली जाऊ लागली आणि गिऱ्हाईक त्या चित्रांसाठी पाकीट घेऊ लागले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. त्यात डब्ल्यू. जी. ग्रेसही होते. अमेरिकेत तंबाखूची जागा नंतर च्युइंगमने घेतली. टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आजही संग्राहकांच्या लेखी सर्वांत मानाचा आहे.

या संचाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातली न खपलेली कार्डे गोदामात जागा अडवून बसली होती. १९६० मध्ये ती बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवली, असे टॉप्सचे साय बर्गर स्वतः सांगत. त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. एकेकाळी ज्याला रद्दीचीही किंमत नव्हती, त्याची ही गत.

साखळीच्या खेळात मात्र कार्डाची किंमत महत्त्वाची नाही. महत्त्वाची आहे कार्डाची मागची बाजू. पुढे फोटो असतो. मागे खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या संघात होता आणि त्याने काय केले, याची माहिती असते. दोन कार्डांच्या मागे एकच संघ आणि एकच वर्ष सापडले, की धागा मिळण्याची शक्यता तयार झाली.

आपल्याकडे अशी कार्डे होती का?

होती, पण वेगळ्या प्रकारची. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाळेत असलेल्यांना ‘बिग फन’ बबलगम आठवत असेल. त्यासोबत क्रिकेटपटूंची छोटी चित्रे येत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत आणि ते जमवून बक्षीस मिळवायचे. गम दोन मिनिटांत बेचव व्हायचा, चित्र मात्र कंपासपेटीत वर्षभर राहायचे. १९९९ च्या विश्वचषकाआधी बिस्किटांच्या वेष्टनांवरच्या धावा मोजण्यात अख्खी घरे गुंतली होती. मधल्या सुट्टीत ‘माह्यापाशी दोन कपिल हायेत, तू सचिन दे’ असे सौदे अमरावतीच्या शाळांतही होत आणि अकोल्याच्याही.

त्यानंतर ट्रम्प कार्डे आली. त्यांवर सामने, धावा, बळी, सर्वोच्च धावसंख्या असे आकडे असत. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे.

पण साखळी जोडायला ही कार्डे पुरत नाहीत. ट्रम्प कार्डावर एकूण धावा असतात. त्या कोणत्या संघाकडून, कोणत्या वर्षी आणि कोणाबरोबर केल्या, हे त्यावर नसते. त्यामुळे आपल्याकडे कार्डाच्या मागच्या बाजूचे काम धावफलकाला करावे लागते. वर्तमानपत्राचे कात्रण, स्मरणिका, संघाचा फोटो, क्लबची स्कोअरबुके ही सगळी आपली ‘मागची बाजू’.

धागा कधी मोजायचा आणि कधी नाही?

इथेच बहुतेक जण चुकतात. चार नियम लक्षात ठेवले, तर वाद होणार नाहीत.

पहिला नियम : एकाच सामन्याच्या अंतिम अकरात दोघेही हवेत. फक्त चमूत असणे पुरत नाही. अमरावतीच्या जितेश शर्माचेच उदाहरण पाहा. मुंबई इंडियन्सने त्याला २०१६ मध्ये घेतले, पण तिथे त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याचे आयपीएल पदार्पण २०२२ मध्ये पंजाब किंग्जकडून झाले. म्हणून मुंबईच्या त्या चमूतल्या कोणाशीही त्याचा त्या काळाचा धागा धरता येत नाही.

दुसरा नियम : विरुद्ध संघात खेळणे म्हणजे धागा नव्हे. नाहीतर कोणीही कोणाशीही दोन उड्यांत जोडला जाईल आणि खेळात रामच राहणार नाही.

तिसरा नियम : प्रशिक्षक, निवड समितीचे सदस्य, पंच यांना धरायचे नाही. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला सलग दोन वर्षे रणजी विजेते केले, पण ते प्रशिक्षक होते. त्यांचा धागा त्यांच्या खेळण्याच्या दिवसांतून काढावा लागेल.

चौथा नियम : नावसाधर्म्याला फसायचे नाही. सी. के. नायडू वेगळे, त्यांचे भाऊ सी. एस. नायडू वेगळे. विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे वेगळा आणि जुने कसोटीपटू चंदू सरवटे वेगळे. सचिन बेबी म्हणजे सचिन तेंडुलकर नव्हे. आणि अकोल्याचा आदित्य ठाकरे हा चेंडू टाकणारा आहे, भाषण करणारा नव्हे!

नायडू ते ठाकरे ही साखळी कशी जुळते?

एकेक धागा पाहू.

१. सी. के. नायडू – मुश्ताक अली : दोघे होळकर संघातही होते आणि भारतीय संघातही. १९३६ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत मुश्ताक अली यांनी शतक केले. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. त्या सामन्यात नायडू संघात होते.

२. मुश्ताक अली – पॉली उम्रीगर : फेब्रुवारी १९५२ मधली मद्रास कसोटी. भारताचा पहिला कसोटी विजय याच सामन्यात आला. उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. मुश्ताक अली यांची ही अखेरची कसोटी.

३. पॉली उम्रीगर – चंदू बोर्डे : १९६२ चा वेस्ट इंडीज दौरा. उम्रीगर यांचा तो शेवटचा, बोर्डे ऐन भरात.

४. चंदू बोर्डे – बिशनसिंग बेदी : ३१ डिसेंबर १९६६ ला ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजविरुद्ध बेदी यांचे कसोटी पदार्पण झाले. बोर्डे संघात होते.

५. बिशनसिंग बेदी – कपिल देव : ऑक्टोबर १९७८, फैसलाबाद. कपिल देव यांची पहिली कसोटी, कर्णधार बेदी.

६. कपिल देव – सचिन तेंडुलकर : नोव्हेंबर १९८९, कराची. सोळा वर्षांच्या सचिनची पहिली कसोटी.

७. सचिन तेंडुलकर – वसीम जाफर : फेब्रुवारी २०००, वानखेडे. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जाफरचे पदार्पण, कर्णधार सचिन.

८. वसीम जाफर – आदित्य ठाकरे : डिसेंबर २०१७, इंदूर. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरच्या १३३ धावा आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून विदर्भाचा पहिला रणजी करंडक.

योगायोग असा की हा शेवटचा धागा ज्या मैदानावर जुळला, त्याला होळकरांचे नाव आहे आणि साखळीचे पहिले टोक असलेले नायडू होळकर संघाचे कर्णधार होते.

यापेक्षा छोटी वाट तुम्हाला सापडली, तर तुम्ही या लेखावर मात केली असे समजा. ती कुठे शोधायची, हे पुढे आहेच.

अमरावतीचा जितेश कुठे बसतो?

जितेशची वाट वेगळी, पण लांबी तेवढीच. ३ जून २०२५ ला अहमदाबादमध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकले. त्या अंतिम सामन्यात जितेशने १० चेंडूंत २४ धावा केल्या. संघात विराट कोहली होता. कोहली आणि सचिन २०११ च्या विश्वविजेत्या संघात एकत्र खेळले. म्हणजे जितेशपासून सचिन दोन धाग्यांवर. तिथून मागची वाट तीच : कपिल, बेदी, बोर्डे, उम्रीगर, मुश्ताक अली, नायडू. एकूण आठ धागे.

आणि अमरावती ते अकोला? त्यासाठी एकच धागा पुरतो. अकोल्याचा डावखुरा फलंदाज अथर्व तायडे २०२३ मध्ये पंजाब किंग्जकडून आयपीएल खेळला. एप्रिलमध्ये लखनौविरुद्ध मोहालीत त्याने ६६ धावा केल्या. जितेश त्याच संघात यष्टिरक्षक होता. एक सायन्सकोर मैदानाच्या शहराचा, दुसरा अकोला क्रिकेट क्लबच्या गावचा. रेल्वेने दोन तासांच्या आतले अंतर, आणि दोघे पंजाबच्या जर्सीत मोहालीच्या मैदानावर एकत्र!

एकाच खेळाडूमुळे एवढे लोक कसे जोडले जातात?

हे समजायला बडनेरा स्टेशन आठवा. अमरावतीहून मुंबईला जायचे असो की हावड्याला, बहुतेक वेळा वाट बडनेऱ्यावरूनच. बडनेरा काही महानगर नाही. पण तिथे दोन वाटा मिळतात, म्हणून ते महत्त्वाचे. सहखेळाडूंच्या जाळ्यातही अशी जंक्शने असतात.

वसीम जाफर हे असे जंक्शन आहे. मुंबईकडून दोन दशके, भारताकडून ३१ कसोटी आणि २०१५-१६ पासून विदर्भ. तो नागपूरला आला, त्या दिवशी विदर्भाचा प्रत्येक सहखेळाडू सचिनपासून दोन धाग्यांवर आला.

सगळी जंक्शने बाहेरून आलेली नाहीत. फैज फजल नागपूरचाच. भारताकडून तो एकच एकदिवसीय सामना खेळला, जून २०१६ मध्ये हरारेत. नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा संधी आली नाही. कारकीर्द म्हणून पाहिले तर हळहळ वाटते. पण साखळीच्या हिशेबात त्या एका सामन्याचे मोल मोठे आहे. कर्णधार महेंद्रसिंग धोनी होता आणि धोनी सचिनबरोबर वर्षानुवर्षे खेळलेला. फेब्रुवारी २०१९ च्या इराणी करंडकात अथर्व तायडे फजलच्या नेतृत्वाखाली खेळला. म्हणजे तायडे – फजल – धोनी – सचिन, तीन धागे. जाफर बाजूला ठेवला तरी वाट बंद होत नाही.

उमेश यादवची वाट आणखी थेट. विदर्भाकडून खेळून कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्याच्या पहिल्या कसोटीत सचिन होताच.

संघ बदलणारे खेळाडू नव्या वाटा उघडतात. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरला विदर्भासमोर केरळ होता. विदर्भाकडून करुण नायरने ८६ आणि १३५ धावा केल्या. तो मूळ कर्नाटकचा. समोर केरळकडून आदित्य सरवटेने ७९ धावा केल्या. तो विदर्भाचा. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. पण त्या एका हंगामात नायरमुळे विदर्भ-कर्नाटक आणि सरवटेमुळे विदर्भ-केरळ हे दोन्ही रस्ते रुंद झाले.

यामागे गणित काय आहे?

अकरा खेळाडूंच्या संघात प्रत्येकाचे दहा सहकारी असतात. जोड्या मोजल्या तर ११ गुणिले १० भागिले २, म्हणजे ५५. एका सामन्याचा एक संघ ५५ धागे तयार करतो. पुढच्या सामन्यात दोन जण बदलले, की आणखी नवे धागे. रणजीच्या एका हंगामातच हे जाळे किती दाट होत असेल, याचा अंदाज यावरून करा.

जग लहान आहे, असे आपण लग्नाच्या पंगतीत म्हणतो. शास्त्रज्ञांनी ते मोजून पाहिले. हंगेरीचे लेखक फ्रिगेश कारिंथी यांनी १९२९ मध्ये एका कथेत ही कल्पना मांडली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्राम यांनी १९६७ च्या सुमारास ओळखीच्या माणसांमार्फत पत्रे पुढे पाठवण्याचा प्रयोग केला. जी पत्रे इच्छित माणसापर्यंत पोहोचली, ती सरासरी सहाच्या आसपास हातांतून गेली होती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या तीन कॉलेज विद्यार्थ्यांनी अभिनेता केव्हिन बेकनवरून हाच खेळ सिनेमात आणला.

१९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी ‘नेचर’मध्ये त्याचे कारण सांगितले. बहुतेक लोक आपापल्या छोट्या घोळक्यात राहतात. पण थोडेसे लोक जरी दूरच्या घोळक्यांशी जोडलेले असले, तरी सगळ्या जाळ्यातली अंतरे झपाट्याने घटतात. क्रिकेटमध्ये घोळका म्हणजे राज्याचा संघ आणि दूरचा धागा म्हणजे जाफर, नायर, सरवटे.

संगणक ही साखळी दोन्ही टोकांकडून शोधतो. ठाकरेचे सगळे सहकारी, मग त्यांचे सहकारी. तिकडे नायडूंचे सगळे सहकारी, मग त्यांचे. दोन्ही याद्यांत एकच नाव आले, की वाट सापडली. कागदावर खेळतानाही हीच युक्ती वापरा. एका टोकाकडून धावत सुटू नका, दोन्हीकडून मधोमध या.

आठपेक्षा छोटी साखळी आहे का?

बहुधा आहे. आणि ती सचिन-कपिलवरून नव्हे, नागपूर-वऱ्हाडातूनच जाते.

तिचे पहिले कार्ड चंदू सरवटे. १९४६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या सरवटे आणि शुटे बॅनर्जी या दोघांनीही शतके केली आणि शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. क्रिकेटच्या प्रश्नमंजूषेत हे हमखास विचारतात. पण त्यांच्या कार्डाची मागची बाजू आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. १९३० च्या दशकात ते ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या संघाकडून खेळले. हो, रणजीत त्या वेळी वऱ्हाडचे नाव असलेला संघ होता. पुढे ते होळकर संघात नायडूंचे सहकारी झाले. विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये रणजीत उतरला आणि १९६८ पर्यंत चाललेल्या आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस सरवटे विदर्भाकडूनही खेळले.

आता हिशेब करा. सरवटेंबरोबर विदर्भाच्या अकरात उतरलेला त्या काळचा कोणताही खेळाडू नायडूंपासून फक्त दोन धाग्यांवर आहे. जितेश आठ धाग्यांवर, ठाकरे आठ धाग्यांवर आणि ज्याचे नाव आज कोणाला चटकन सांगता येणार नाही, असा साठच्या दशकातला विदर्भाचा रणजीपटू दोन धाग्यांवर!

पुढे चला. नव्वदच्या दशकापासून विदर्भाकडून दीर्घकाळ खेळलेले ऑफस्पिनर प्रीतम गंधे आणि २००३-०४ मध्ये पदार्पण केलेला फैज फजल हे सहकारी. २०१७ च्या अंतिम सामन्यात फजल कर्णधार आणि ठाकरे त्याच्या संघात. म्हणजे साखळी अशी दिसते :

नायडू – सरवटे – ( ? ) – ( ? ) – गंधे – फजल – ठाकरे.

साधारण पंचवीस वर्षांचे अंतर भरणारी दोन माणसे सापडली, की नायडू ते ठाकरे सहा धाग्यांत जुळले. आठावरून सहा. एक असा, जो सरवटेंबरोबर खेळला आणि ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकला. दुसरा असा, ज्याने त्याच्याबरोबर सुरुवात केली आणि गंधेंना संघात येताना पाहिले.

अशी माणसे विदर्भाच्या संघात होती, यात नवल नाही. त्या काळात आपल्याकडचे रणजीपटू बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे खेळत. पण त्यांचे बबलगमवर चित्र आले नाही. ट्रम्प कार्डावर त्यांची नावे नव्हती. सर्वांत छोटी वाट नेमकी त्यांच्यातून जाते आणि तीच आपल्याला पाठ नाही.

जुन्या खेळाडूंना जोडणारा आणखी कोणता धागा आहे?

दुलीप करंडक. ही विभागांची स्पर्धा १९६१-६२ मध्ये सुरू झाली. विदर्भ मध्य विभागात होता. राजस्थानचे सलीम दुराणी आणि हनुमंत सिंग याच विभागाकडून खेळत. म्हणजे विदर्भाचा जो खेळाडू मध्य विभागाच्या अकरात एकदा जरी उतरला, तो एका झटक्यात कसोटीपटूंच्या जाळ्यात आला. घरातल्या जुन्या कात्रणात ‘मध्य विभाग’ हे शब्द दिसले, तर ते कात्रण वेगळे काढून ठेवा. साखळीत त्याचे वजन मोठे आहे.

हाच खेळ जिल्हा पातळीवरही चालतो. विद्यापीठ संघ, आंतरजिल्हा सामने, क्लबची स्पर्धा. तुमचे काका अकोल्यात अशा एखाद्या खेळाडूबरोबर खेळले असतील, जो पुढे विदर्भाकडून रणजी खेळला, तर काका आणि नायडू यांच्यातले अंतर तुम्हाला वाटते त्याहून बरेच कमी आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण रद्दीत आहे. क्लबचे स्कोअरबुक हंगाम संपला की सचिवांच्या घरी जाते. तिथून माळ्यावर. घर बदलताना किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे. संघाचा फोटो भिंतीवर राहतो, पण त्याच्या मागे काहीच लिहिलेले नसते. मधोमध बसलेले कर्णधार ओळखू येतात. मागच्या रांगेतला उजवीकडून दुसरा कोण, हे सांगणारा माणूस गेला, की ते नावही गेले.

याचाही हिशेब मांडता येतो. अकरा जणांचा फोटो म्हणजे ५५ धागे. त्यातले एक नाव पुसले गेले, तर दहा जण उरतात आणि धागे राहतात ४५. एक नाव हरवले, तर दहा धागे हरवतात. दोन नावे हरवली, तर उरतात ३६. ही माणसे एकत्र खेळली होती, घामाने भिजली होती, एकाच डब्यातून जेवली होती. पण कागदावर पुरावा नाही, म्हणून साखळीत त्यांना जागा नाही.

टॉप्सची कार्डे समुद्रात गेली, तरी काही पोरांच्या बुटांच्या खोक्यांत शिल्लक राहिली. म्हणून आज रुथ ते मँटल जोडता येते. आपल्या साखळीतली ती दोन रिकामी कार्डे अशीच कोणाच्या तरी कपाटात असणार.

तुम्ही काय करू शकता?

घरी जुना संघाचा फोटो असेल, तर त्याच्या मागे पेन्सिलने चार गोष्टी लिहा : संघाचे नाव, वर्ष, मैदान आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतो. फोटो फ्रेममधून निघत नसेल, तर वेगळ्या कागदावर लिहून फ्रेमच्या मागे चिकटवा.

मग मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फक्त पुढच्या बाजूचा नको. कात्रणाचा फोटो काढताना वर्तमानपत्राची तारीख चौकटीत येऊ द्या. तारखेशिवाय कात्रण म्हणजे मागची बाजू कोरी असलेले कार्ड.

नावे आठवत नसतील, तर फोटो घेऊन त्या संघातल्या दुसऱ्या कोणाकडे जा. एकट्याला पाच नावे आठवतात. दोघे एकत्र बसले, की नऊ निघतात आणि चहा येईपर्यंत उरलेल्या दोघांची टोपणनावे तरी हमखास निघतात. टोपणनावही लिहून ठेवा. त्यावरून खरे नाव सापडते.

खेळायचेच असेल, तर कात्रणे पत्त्यांच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. पुढे फोटो, मागे संघ आणि वर्षे. मुलांना दोन कार्डे द्या आणि मधली वाट शोधायला सांगा. सुरुवात जितेश आणि सचिनपासून करा, ती सोपी आहे. मग अथर्व तायडे ते कपिल देव. सगळ्यांत शेवटी ती दोन प्रश्नचिन्हांची साखळी द्या. ती सोडवायला मुलांना मोबाइल पुरणार नाही. आजोबांना विचारावे लागेल.